डॉ. झाकीर हुसेन आणि सर्वांच्या मुलांचे विज्ञान

भारताचे तिसरे राष्ट्रपती म्हणून मरहूम डॉ. झाकीर हुसेन यांचे नाव आपल्या शाळांतील मुलांना पाठ असते. सामान्यज्ञानाच्या परीक्षेत त्यावर एखादा गुणही मिळतो. परंतु राष्ट्रपती होण्याच्या पुष्कळ आधी बावीस वर्षे त्यांनी एका गरीब शिक्षणसंस्थेचा संसार चालविला. पुढे डॉक्टर होणाऱ्या मुलाइतकेच शेतकरी, विणकर, सुतार किंवा दुकानदार होणाऱ्या मुलालाही विज्ञान शिकविलेच पाहिजे, असा आराखडा ज्या समितीने १९३७ साली आपल्या वर्ध्यात तयार केला, तिचे ते अध्यक्ष होते. ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. समाजातील पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्या आयुष्याकडे या बाजूनेही पाहावे, म्हणून हा लेख.

झाकीर साहेबांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचे, आफ्रिदी पठाणांचे. वालिद फिदा हुसेन खान हे हैदराबादेत वकिली करीत. झाकीर साहेब दहा वर्षांचे असतानाच, १९०७ साली, पित्याचे छत्र हरपले आणि कुटुंब कायमगंजला परतले. मुलांना इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये घालण्यात आले. तेथे शिक्षण चालू असताना १९११ साली कायमगंजला प्लेग आला आणि त्यात वालिदाही अल्लाला प्यारी झाली. चौदाव्या वर्षी मुलगा पूर्ण पोरका झाला.

येथे जरा थांबून एक हिशेब करावासा वाटतो. झाकीर साहेबांच्या जन्माच्या एक महिना आधी, १० जानेवारी १८९७ रोजी, मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगवर तयार केलेली लस स्वतःला टोचून घेतली होती. प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो, हे १८९८ साली कराचीत काम करणाऱ्या सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिले होते, आणि पुढच्या दहा वर्षांत मुंबईतील संशोधनाने ते पक्केही केले होते. म्हणजे ज्ञान या देशातच निर्माण झाले होते. प्रयोगशाळेतून निघालेली गोष्ट घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचायला मात्र कोणती वाट नव्हती. उंदीर पटापट मरू लागले तर घर सोडावे, लस टोचून घ्यावी, एवढे साधे ज्ञान गावोगाव असते तर किती माता वाचल्या असत्या! विज्ञान थोड्या हुशार मुलांसाठीच आहे असे मानले की समाजाला ही किंमत द्यावी लागते.

इटाव्याहून झाकीर साहेब अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात गेले. त्यांना डॉक्टर व्हायचे होते. त्यासाठी ते लखनौच्या ख्रिश्चन कॉलेजात विज्ञान शिकायला गेले, पण प्रकृतीने साथ दिली नाही. आजारपणात वर्ष गेले आणि डॉक्टरकीचे स्वप्न सुटले. पुन्हा अलीगढला येऊन १९१८ साली तत्त्वज्ञान, इंग्रजी साहित्य व अर्थशास्त्र हे विषय घेऊन ते पदवीधर झाले. आजही दहावी-बारावीनंतर वैद्यकीयला प्रवेश मिळाला नाही की आपल्या घरांत सुतक आल्यासारखे वातावरण होते. डॉक्टर होऊ न शकलेल्या एका मुलाने पुढे देशाला काय दिले, हे अशा घरांनी अवश्य वाचावे.

ऑक्टोबर १९२० मध्ये महात्मा गांधी आणि अली बंधू अलीगढला आले. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांवर बहिष्कार घालावा आणि स्वतःच्या बळावर राष्ट्रीय शिक्षण उभे करावे, ही त्यांची हाक होती. झाकीर साहेब त्या वेळी एम. ए. आणि कायद्याचा अभ्यास करीत होते व कॉलेजात शिकवीतही होते. हातचे स्थैर्य सोडून ज्या तरुणांनी त्या हाकेला होकार दिला, त्यांत ते पुढे होते. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढ येथेच जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली.

दोन वर्षांनी उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीला गेले आणि १९२६ साली बर्लिन विद्यापीठाची अर्थशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन परतले. पदवी अर्थशास्त्राची असली तरी मन शिक्षणशास्त्रात गुंतले होते. म्युनिकचे थोर शिक्षणतज्ज्ञ केर्शेनस्टायनर यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. केर्शेनस्टायनर यांनी कार्यशाळेसारख्या शाळेची कल्पना मांडली होती, तसेच शाळेतील विज्ञानशिक्षणाचे स्वरूप आणि मोल यावर एक स्वतंत्र ग्रंथही लिहिला होता. त्यांचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. मुलाने पक्ष्यासाठी लाकडी घरटे करावयाचे. आधी विचार करावयाचा, मापे घ्यावयाची, फळ्या कापावयाच्या आणि जोडावयाच्या. फळ्यांच्या मध्ये फट राहिली तर मास्तरांनी ओरडण्याची गरजच नाही, कारण चूक मुलाला स्वतःलाच दिसते. अंदाज करणे, तो करून पाहणे आणि फसला तर प्रामाणिकपणे मान्य करून पुन्हा करणे, हेच विज्ञानाचे मर्म होय. मोठमोठ्या प्रयोगशाळांत वेगळे काही चालत नाही.

झाकीर साहेब परतले तेव्हा जामिया दिल्लीला करोलबागेत आली होती आणि बंद पडण्याच्या बेतात होती. खिलाफत चळवळ ओसरल्यामुळे पैशाचा ओघ आटला होता. एकोणतिसाव्या वर्षी त्यांनी या संस्थेचे कुलगुरुपद, म्हणजे शेख-उल-जामियाचे पद, स्वीकारले. डिसेंबर १९२७ मध्ये हकीम अजमल खान यांचे निधन झाल्यावर तर उरलासुरला आधारही गेला. तेव्हा झाकीर साहेब आणि त्यांचे सहकारी यांनी प्रतिज्ञा केली की, वीस वर्षे संस्थेची सेवा करू आणि महिना दीडशे रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही. परदेशी विद्यापीठांतून शिकून आलेल्या माणसांची ही प्रतिज्ञा होती, आणि ती त्यांनी पाळली.

मोठ्या विद्वानांना बहुधा महाविद्यालयाचे वर्ग हवे असतात. झाकीर साहेबांचा जीव मात्र प्राथमिक शाळेत रमे. लहान मुलांसाठी त्यांनी सुंदर गोष्टी लिहिल्या. एक आठवण नेहमी सांगितली जाते. मुलांनी बूट स्वच्छ करून यावे अशी सूचना वारंवार देऊनही ती ऐकत ना. तेव्हा कुलगुरू स्वतः पॉलिश आणि ब्रश घेऊन फाटकाशी बसले आणि येणाऱ्या मुलाचे बूट पुसू लागले. दुसऱ्या दिवसापासून सूचनेची गरज उरली नाही. जामियाच्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफार मुधोळी यांच्यासारख्या शिक्षकांनी मुलांच्या हाती उपक्रम दिले. मुले आपली छोटी बँक चालवीत, दुकान चालवीत. हिशेब, भाषा आणि निरीक्षण ही त्या कामातूनच शिकली जात. १९३५ साली ओखला येथे नव्या इमारतीची कोनशिला बसविण्याची वेळ आली, तेव्हा कोणा नवाबाला वा पुढाऱ्याला न बोलाविता शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हस्ते ती बसविण्यात आली.

मग आला वर्ध्याचा प्रसंग. जुलै १९३७ पासून गांधीजी आपल्या लेखांतून हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची कल्पना मांडीत होते. तिचा विचार करण्यासाठी २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, जे पुढे नवभारत विद्यालय म्हणून ओळखले गेले, अखिल भारतीय राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी स्वतः गांधीजी होते. काँग्रेस मंत्रिमंडळे नुकतीच अधिकारावर आली होती आणि गांधीजींच्या शब्दाला विरोध करणे सोपे नव्हते. तरीही झाकीर साहेबांनी अदबीने पण स्पष्टपणे आपल्या शंका मांडल्या. कामातून शिक्षण ही गोष्ट जगात अगदीच नवी नाही, इतर देशांतही तिचे प्रयोग झाले आहेत, हे त्यांनी सांगितले. तसेच मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघालाच पाहिजे असा हट्ट धरला, तर शिक्षक मुलांना राबवून घेणारे मुकादम होतील आणि गरिबांच्या मुलांचे शोषण होईल, असा इशारा त्यांनी दिला. मोठेपणा दोघांचाही असा की, शंका घेणाऱ्यालाच योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष नेमण्यात आले.

समितीत विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, के. टी. शाह, आर्यनायकम् दांपत्य आणि ख्वाजा गुलाम सय्यदैन ही मंडळी होती. २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे अवघ्या सहा आठवड्यांत, अहवाल तयार झाला. सात ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला व मुलीला सात वर्षे मोफत, सक्तीचे, मातृभाषेतून शिक्षण द्यावे, ही त्याची चौकट होती. विषय होते मूलोद्योग, मातृभाषा, गणित, समाजशास्त्र, सामान्य विज्ञान, चित्रकला, संगीत आणि हिंदुस्थानी.

या यादीतील सामान्य विज्ञान हा विषय आज आपल्याला नेहमीचा वाटतो. पण त्या काळी प्राथमिक शाळा म्हणजे वाचन, लेखन आणि अंकगणित असेच समीकरण होते. विज्ञान म्हणजे पुढे हायस्कुलात जाणाऱ्या मूठभरांचा विषय. झाकीर हुसेन समितीने ते चौदाव्या वर्षी शाळा सोडणाऱ्या मुलाच्याही हक्काचे केले. त्याची उद्दिष्टे फार विचारपूर्वक ठरविलेली होती. निसर्गाकडे समजून-उमजून पाहण्याची दृष्टी यावी. नीट निरीक्षण करण्याची आणि अनुभव प्रयोगाने पारखून घेण्याची सवय लागावी. भोवतालच्या घटनांमागील तत्त्वे आणि त्यांचा माणसाच्या सेवेसाठी होणारा उपयोग कळावा. शिवाय, सत्यासाठी झीज सोसलेल्या शास्त्रज्ञांच्या जीवनाची ओळख व्हावी. अभ्यासक्रमात निसर्गपरिचय, वनस्पती, प्राणी, शरीरविज्ञान, आरोग्य आणि हवा, पाणी, आम्ल, क्षार यांचे रसायन होते. रात्री दिशा व वेळ ओळखता यावी म्हणून तारे ओळखणेही होते. उद्दिष्टांत माहिती पाठ करण्याला स्थान नव्हते. पाहण्याच्या आणि पारखण्याच्या सवयीला मात्र मानाचे स्थान होते.

वर्धा हा कापसाचा मुलूख. तेथील मुलाच्या हाती टकळी दिली तर त्यातून किती विज्ञान निघते पाहा. सरकी पेरली की बीज, माती आणि पाऊस यांचा विचार आला. पेळूतून धागा काढताना तो कधी तुटतो, कधी टिकतो. हवा कोरडी असताना आणि दमट असताना काय फरक पडतो, हे मूल बोटांनीच अनुभवते. पीळ दिला की तेच मऊ तंतू मजबूत का होतात, हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे. सुताची लांबी मोजून व वजन करून त्याचा नंबर काढणे हे मोजमापाचे शिक्षण आहे. अर्थात, हे सारे आपोआप घडत नाही. प्रश्न विचारणारा शिक्षक समोर असावा लागतो. तो नसेल तर टकळी नुसतीच फिरत राहते.

येथेच या योजनेचे दुखणे होते. अहवालातील नमुना वेळापत्रकात शाळेचा दिवस साडेपाच तासांचा होता. त्यातील तीन तास वीस मिनिटे उद्योगाला होती, तर समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान या दोहोंना मिळून तीस मिनिटे. उद्योगाच्या तासातच विज्ञान शिकविले जाईल असा समितीचा भरवसा होता. परंतु विज्ञान आणि उद्योग दोन्ही जाणणारे शिक्षक हजारोंच्या संख्येने आणावयाचे कोठून? शिक्षकांच्या प्रशिक्षणाची योजना समितीने केली होती, पण प्रत्यक्षात तेवढी तयारी कधीच झाली नाही. मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने ही योजना आधी ग्रामीण भागात सुरू करावी असे सुचविले. पुढे शहरातील सुखवस्तूंच्या मुलांना पुस्तकी शाळा आणि खेड्यातील गरिबांच्या मुलांना चरखा, असा समज पसरत गेला. पालकांनाही वाटू लागले की ही दुय्यम प्रतीची शाळा आहे. मुस्लिम लीगनेही योजनेवर कडाडून टीका केली. तीत धार्मिक शिक्षणाला स्थान नाही, हा एक मोठा आक्षेप होता. आपल्याच समाजातील अनेकांचे कटू शब्द झाकीर साहेबांना ऐकावे लागले. त्यांनी उलट कटुता न दाखविता १९३८ पासून हिंदुस्थानी तालीमी संघाचे अध्यक्षपद सांभाळले. योजनेच्या नावाने नुसती सूतकताई चालते हे दिसल्यावर त्यांनी स्वकीयांनाही त्याबद्दल बोल लावला.

ऑगस्ट १९४७ मध्ये काश्मीरला जाताना जालंधर स्थानकावर दंगलखोरांनी त्यांना घेरले. एक शीख लष्करी अधिकारी आणि एक हिंदू रेल्वे कर्मचारी यांच्यामुळे त्यांचे प्राण वाचले. या घटनेनंतरही त्यांचा माणसावरचा विश्वास उडाला नाही. १९४८ साली ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले. फाळणीने खिळखिळे झालेले ते विद्यापीठ त्यांनी आठ वर्षांत सावरले. पुढे १९५७ मध्ये बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती आणि १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती, अशी पदे आली. १९६३ साली त्यांना भारतरत्न देण्यात आले.

वर्ध्याला पेरलेले बी मात्र वाया गेले नाही. १९६४ साली नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६६ मध्ये अहवाल दिला. शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सर्व विद्यार्थ्यांना अनिवार्य असावे, अशी त्याची शिफारस होती. या आयोगाचे एक सदस्य होते वर्धा समितीतील तेच ख्वाजा गुलाम सय्यदैन, आणि सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. या शिफारशींवर आधारलेले राष्ट्रीय शिक्षण धोरण १९६८ साली जाहीर झाले, तेव्हा राष्ट्रपतिपदी स्वतः झाकीर हुसेन होते. पुढे १९७६ साली वैज्ञानिक दृष्टिकोन व जिज्ञासू वृत्ती वाढविणे हे घटनेत नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदले गेले. सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळायला मात्र २००९ साल उजाडावे लागले.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपतिपदावर असतानाच झाकीर साहेबांचे निधन झाले. राष्ट्रपती भवनात राहिलेल्या या माणसाची कबर जामियाच्या आवारात, मुलांच्या सहवासात आहे. त्यांना दोन छंद होते. एक गुलाबांचा आणि दुसरा जीवाश्म, खनिजे व तऱ्हेतऱ्हेचे दगड जमविण्याचा. विज्ञानाची पदवी नसलेला हा माणूस दगड हातात घेऊन तो कसा बनला असेल याचा विचार करी. विज्ञान सर्वांसाठी आहे, याचा याहून चांगला दाखला कोणता?

आज आपल्या राज्यात दहावीपर्यंत विज्ञान सर्वांना शिकविले जाते. मुलींची संख्याही वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. पण खरोखर मुलांपर्यंत पोचते ते काय? प्रश्नोत्तरांची वही भरते, आकृत्या गिरविल्या जातात, मार्गदर्शक पुस्तकातून व्याख्या पाठ होतात आणि प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप राहते. समाजातील शंभरांपैकी फार थोडी मुले डॉक्टर वा इंजिनिअर होतील. उरलेली आई होतील, बाप होतील, रिक्षा चालवतील, दुकान टाकतील, शेती करतील. मोबाईलवर आलेला कोणताही उपाय खरा मानावा की पारखून घ्यावा, बाळाला लस टोचावी की नाही, विहिरीचे पाणी प्यावे की उकळावे, हे निर्णय त्यांनाच घ्यावयाचे आहेत. विज्ञानाची खरी परीक्षा तेथे होते, आणि तिला मार्गदर्शक पुस्तक नसते.

म्हणून पालकांना नम्र विनंती आहे. शाळेच्या पालक सभेला आवर्जून या आणि मुलाचे गुण विचारून झाल्यावर आणखी काही विचारा. या वर्षी माझ्या मुलीने स्वतःच्या हाताने कोणता प्रयोग केला? तिने भिंगातून काय पाहिले? तापमापी हातात घेतली का? वर्गात तिने प्रश्न विचारला तेव्हा तिला उत्तर मिळाले की दटावणी? संस्थांच्या चालकांनीही नव्या इमारतीच्या खोल्या मोजताना हे प्रश्न स्वतःला विचारावेत. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही पुस्तकात वाचलेली एक तरी गोष्ट दर आठवड्याला स्वतः करून पाहा आणि जे दिसेल तेच वहीत लिहा, मग ते पुस्तकाशी जुळो वा न जुळो. न जुळल्यास मास्तरांना विचारा. झाकीर साहेबांनी वर्ध्याच्या भर परिषदेत अदबीने शंका विचारली होती. त्यांच्या आयुष्यातून उचलण्याजोगी पहिली गोष्ट तीच आहे.